दातोंगचे स्वप्न आणि गावाची संमती

आदर्श राज्य म्हटले की मराठी वाचकाच्या मनात सहसा रामराज्य उभे राहते, आणि वऱ्हाडात, खामगावच्या परिसरात, त्याच्या जोडीला तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’च्या 41 अध्यायांतून घडत गेलेले स्वच्छ, स्वावलंबी, व्यसनमुक्त गावही आठवते. चिनी राजकीय विचारात हे स्थान ‘दातोंग’ या शब्दाला आहे. ‘दा’ म्हणजे महान आणि ‘तोंग’ म्हणजे एकत्व किंवा सारखेपणा. महासाम्य हा त्याला जवळचा मराठी शब्द म्हणता येईल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘लीजी’ या आचारविधींच्या ग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी या अवस्थेचे वर्णन येते. तिथे जग ही सर्वांची सामाईक ठेव असते, कारभारासाठी गुणी आणि समर्थ माणसे निवडली जातात, म्हाताऱ्यांना अखेरपर्यंत आधार, धडधाकटांना काम आणि विधवा, अनाथ, अपंगांना पोटापाण्याची हमी असते, आणि चोरीचे भय नसल्याने घरांना कड्या घालाव्या लागत नाहीत. रामराज्याचा डोलारा एका आदर्श राजावर आणि त्याच्या कुळावर उभा असतो. दातोंगमध्ये मात्र सत्ता बापाकडून मुलाकडे जात नाही, ती पात्रतेकडे जाते, आणि राजेशाहीत लिहिल्या गेलेल्या ग्रंथात हे विधान यावे ही साधी गोष्ट नव्हे.

त्याच उताऱ्यात लगेच एक खालची पायरीही सांगितलेली आहे. तो महान मार्ग लोपल्यावर माणसे आपापल्या कुटुंबापुरते पाहू लागतात, तटबंद्या आणि खंदक उभारतात, आणि रीतिरिवाज व कायदे यांच्या बळावर समाज सुरळीत ठेवतात. या दुय्यम पण नांदत्या अवस्थेला ‘श्याओकांग’, म्हणजे माफक सुखवस्तूपणा, असे नाव आहे. पुढची दोन हजार वर्षे चिनी विचार या दोन पायऱ्यांमध्ये वरखाली करत राहिला.

स्वप्नाला जमिनीवर उतरवण्याचा सर्वांत जुना आराखडा मेन्शियसचा आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील या विचारवंताने सांगितलेल्या पद्धतीला विहिरीच्या अक्षरावरून नाव पडले, कारण चिनी लिपीत विहीर या अर्थाचे ‘जिंग’ हे अक्षर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांचे असते आणि त्याभोवती चौकट कल्पिली की नऊ समान भाग पडतात. कडेचे आठ तुकडे आठ कुटुंबांचे आणि मधला तुकडा सामाईक. आठही कुटुंबांनी आधी मधली जमीन कसायची, तिचे पीक राज्याला द्यायचे आणि मगच आपापल्या वावरात उतरायचे. हा नकाशा प्रत्यक्षात सर्वत्र होता की नाही यापेक्षा, दर काही शतकांनी सुधारक त्याच्याकडे परतत राहिले, हे महत्त्वाचे आहे. चिंग राजवटीविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांनी 1853 मध्ये नानजिंगमध्ये जाहीर केलेल्या जमीन वाटपाच्या योजनेतही जुन्या समन्यायी विचाराचा धागा दिसतो. ती योजना बहुतांशी कागदावरच राहिली, आणि बंडात दोन कोटींहून अधिक माणसे मेली असावीत.

आधुनिक काळात या विचाराला नवे वळण लागले, आणि त्या काळाशी वऱ्हाडचा एक दूरचा संबंध आहे. 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेची शाखा आली ती इथल्या कापसाच्या बाजारासाठी. वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाला मुंबईच्या गिरण्यांमध्ये मागणी होती, अशा कापसापासून जाडेभरडे सूत निघे, आणि त्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या सुताची मोठी बाजारपेठ चीन ही होती. स्वस्त गिरणीचे सूत चिनी खेड्यात पोहोचले तेव्हा तिथल्या घराघरांतली हातसूत काढण्याची कमाई आटत गेली. आपले चरखे ज्या बाजाराने मोडले त्याच बाजारात आपला कापूस पलीकडच्या गरिबांच्या चरख्यांवरही चालून गेला, ही गोष्ट कापूसपट्ट्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अशा हादरलेल्या चीनमध्ये कांग योवेई (1858–1927) हा सुधारक वाढला. 1898 मधील सुधारणांचा प्रयोग शंभर दिवसांत मोडून पडल्यावर त्याला देश सोडावा लागला, आणि ‘दातोंग शू’ या आपल्या ग्रंथाचे लेखन त्याने निर्वासित अवस्थेत भारतात, दार्जिलिंगमध्ये असताना, पूर्णत्वास नेले. मानवी दुःखाचे मूळ माणसामाणसांतील सीमांमध्ये आहे असे ठरवून त्याने राष्ट्र, वर्ग, वंश, स्त्रीपुरुषभेद, कुटुंब अशा नऊ सीमा पुसून टाकण्याचा विचार मांडला: संपूर्ण जगाचे एक शासन, विवाहाऐवजी ठरावीक मुदतीचे करार, मुलांसाठी सार्वजनिक पाळणाघरे, वृद्धांसाठी सार्वजनिक निवास. हे सारे इतके धाडसी होते की पूर्ण ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1935 मध्ये, छापला गेला. चिनी प्रजासत्ताकाचा संस्थापक सुन यात-सेन यानेही जग सर्वांचे आहे हे ‘लीजी’तले सूत्र आपलेसे केले, आणि नानजिंगमधील त्याच्या समाधीच्या दारावर ते कोरलेले आहे.

कम्युनिस्ट नेता माओ याने 1949 मध्ये लिहिले की कांगने दातोंगवर पुस्तक लिहिले, पण तिथे जाण्याची वाट त्याला सापडली नाही. ती वाट आपल्याला सापडली आहे या खात्रीने 1958 मध्ये लोककम्यून उभारले गेले, आणि त्या वर्षाअखेर जवळपास सर्व ग्रामीण कुटुंबे त्यांत ओढली गेली. चुली बंद झाल्या, सामुदायिक भोजनगृहे सुरू झाली, आणि घरातली लोखंडी भांडीसुद्धा परसातल्या पोलादाच्या भट्ट्यांत वितळवली गेली. म्हणजे पुढे भोजनगृहातले धान्य संपले तेव्हा शिजवायला घरी कढईही उरली नव्हती. फुगवलेल्या उत्पादनाच्या आकड्यांवर सरकारने धान्य उचलले, आणि 1959 ते 1961 च्या दुष्काळात दगावलेल्यांचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. ‘लीजी’ने माणसे निवडण्याची गोष्ट सांगितली होती, इथे ज्यांच्या घरातली चूल विझवली त्यांना कोणी विचारलेच नव्हते, आणि या अनर्थाचे मूळ समतेच्या ओढीत नसून त्या न विचारण्यात आहे.

1978 च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातील श्याओगांग या खेड्यातील अठरा शेतकऱ्यांनी एका साध्या कागदावर गुपचूप करार करून लाल शाईत अंगठे उमटवले. सामुदायिक जमीन कुटुंबांमध्ये कसायला वाटून घ्यायची, सरकारचा वाटा आधी भरायचा, आणि म्होरक्याला तुरुंग झालाच तर त्याची मुले इतरांनी अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची, असे त्यात ठरले. पुढच्या वर्षी पीक अनेक पटींनी वाढले आणि काही वर्षांतच कम्यून इतिहासजमा झाले. डिसेंबर 1979 मध्ये देंग श्याओपिंगने जपानच्या पंतप्रधानांशी बोलताना चीनचे ध्येय म्हणून श्याओकांगचेच नाव घेतले, आणि 1 जुलै 2021 रोजी शी जिनपिंगने ते ध्येय गाठल्याची घोषणा केली. दोन हजार वर्षे खालची मानलेली पायरी अशी राष्ट्राचे अधिकृत उद्दिष्ट झाली.

विदर्भात गावाच्या संमतीचा हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने पाहायला मिळतो. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीतून 1952 मध्ये ग्रामदानाची कल्पना निघाली: जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसण्याचा हक्क त्या त्या कुटुंबाकडे राहतो, जमिनीचा विसावा भाग भूमिहीनांना दिला जातो, आणि यातले काहीही गावकऱ्यांच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. मेन्शियसच्या नऊ चौकोनांना हा आराखडा किती जवळचा आहे हे सहज दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने 2013 मध्ये आपली सारी शेतजमीन 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही आक्षेप असला तर विषय पुढच्या बैठकीत पुन्हा मांडला जातो, आणि गाव थांबते.