टर्मिनलवरील मराठी व पडदा-लायब्ररीची निवड

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला शब्दसंग्रहावर व्याकरणिक खुणा करण्याचे काम पुष्कळदा दूरच्या सर्व्हरवर, टर्मिनलच्या साध्या अक्षरी पडद्यावर करावे लागते. त्यासाठी प्रोग्रॅम लिहावयाचा म्हटला की पडद्यावर चौकटी, याद्या व रकाने काढून देणारी एखादी लायब्ररी निवडणे ओघानेच येते. ही निवड सामान्यतः आपल्याला कोणती प्रोग्रॅमिंग भाषा अवगत आहे आणि कोणत्या लायब्ररीची सजावट डोळ्यांत भरते, या दोन गोष्टींवरून केली जाते. इंग्रजी मजकुरापुरते ते ठीकच आहे. मराठी मजकूर हाताळावयाचा असेल तर मात्र एक निराळा प्रश्न प्रथम विचारावा लागतो, आणि तो मूलतः लिपिविषयक आहे : ही लायब्ररी पडद्याच्या एका घरात काय ठेवते?

टर्मिनलचा पडदा म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी समान घरांची मांडणी होय. १९७८ सालच्या व्हीटी-१०० या यंत्रावर ८० रकाने व २४ ओळी होत्या. त्याचाच वारसा आजची टर्मिनले चालवितात. १९८० च्या सुमारास बर्कली येथे केन आर्नल्ड यांनी रचलेली ‘कर्सेस’ ही लायब्ररी याच पटावर उभी राहिली. (नाव शापवाचक वाटले तरी ती ‘कर्सर’ या शब्दावरील कोटी आहे.) त्या काळच्या तारा मंदगती होत्या. म्हणून पडद्याची एक प्रत स्मृतीत ठेवावयाची, नवी प्रत तिच्याशी ताडून पाहावयाची आणि ज्या घरांत फरक पडला असेल तेवढीच पाठवावयाची, अशी युक्ती तिने योजिली. १९९३ पासून प्रचारात आलेली ‘एनकर्सेस’ ही तिची वारसदार आजही याच मार्गाने चालते. रोमन लिपीत एक घर म्हणजे एक अक्षर असल्यामुळे या युक्तीला कोठेही बाध येत नाही.

देवनागरीत हे समीकरण बसत नाही. युनिकोडमध्ये ‘स्त्री’ हे एक अक्षर सहा संकेतांकांचे बनलेले असते. प्रत्येक संकेतांक किती घरे व्यापतो हे ठरविण्याची जी पद्धती मार्कुस कून यांच्या लहानशा प्रोग्रॅममुळे रूढ झाली, तिच्यानुसार उकार, मात्रा, अनुस्वार व पाय मोडण्याचे चिन्ह यांची रुंदी शून्य. परंतु काना, दोन्ही वेलांट्या आणि ओकार यांची रुंदी एक. त्यामुळे ‘पुणे’ दोन घरांत मावते, ‘नाशिक’ला पाच लागतात आणि एकट्या ‘स्त्री’ला चार! भाषेच्या दृष्टीने ‘के’मधील मात्रा आणि ‘का’मधील काना यांचे कार्य एकच, म्हणजे स्वर दाखविणे. एक चिन्ह डोक्यावर बसते व दुसरे शेजारी उभे राहते, एवढ्यावरून येथे त्यांची दोन वर्गांत फाळणी झाली आहे. हे वर्गीकरण आकृतीचे आहे, वर्णाचे नव्हे.

याचा परिणाम एनकर्सेसमध्ये स्पष्ट दिसतो. तिच्या एका घरात जागा व्यापणारा एक संकेतांक आणि त्यावर, नेहमीच्या बांधणीत, अधिकात अधिक चार शून्य-रुंदीची चिन्हे राहू शकतात. काना व वेलांटी यांना अर्थातच स्वतंत्र घर मिळते. आता ‘की’ खोडून ‘का’ लिहिले असे समजा. ‘क’चे घर बदललेले नाही, तेव्हा लायब्ररी कर्सर दुसऱ्या घरावर नेऊन केवळ काना पाठविते. शेजारची घरे एकत्र वाचून अक्षर घडविणारे टर्मिनल असेल तर निभावते. नसेल तर व्यंजनापासून तुटलेला काना ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसू लागतो. ती ओळ बिघडली आहे असे समजून संपूर्ण पुन्हा काढावी, अशी आज्ञा देण्याची सोय एनकर्सेसमध्ये आहे. मराठीसाठी ती वापरावीच.

रस्टमधील ‘राटाटुई’ आणि सीमधील ‘नॉटकर्सेस’ या अलीकडील लायब्रऱ्यांनी घराची व्याख्याच बदलली आहे. त्यांच्या घरात एक अखंड अक्षरगुच्छ ठेवला जातो, म्हणजे ‘की’ फुटत नाही. जोडाक्षराची गोष्ट निराळी. युनिकोडच्या जुन्या नियमांप्रमाणे ‘स्त्री’चे तीन गुच्छ होत; २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांपुरता पाय मोडलेल्या व्यंजनांचा सांधा मान्य केला आणि तो एकच गुच्छ ठरला. म्हणून लायब्ररी कोणत्या आवृत्तीच्या कोष्टकांवर आधारलेली आहे, हे तिच्या नावापेक्षा महत्त्वाचे ठरते.

इतके करूनही अखेरचा शब्द लायब्ररीचा नसतो. ती ‘स्त्री’ला दोन घरे देईल आणि टर्मिनल चार घरे पुढे सरकेल, तर पुढचा प्रत्येक रकाना वाकडा होतो व खूण भलत्याच शब्दाखाली जाऊन बसते. शब्दसंग्रहाच्या कामात हा दोष केवळ दिसण्याचा राहात नाही. दोघांचे हिशेब जुळणे हे कोणाचाही हिशेब आदर्श असण्याहून अधिक आवश्यक आहे. याची परीक्षा अगदी सोपी आहे : पुणे, नाशिक, स्त्री, दऱ्या असे शब्द एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे त्याच रकान्यात उभी रेघ काढावयास सांगावे. रेघा सरळ आल्या तर जोडी जमली.

प्रस्तुत लेखकाच्या मते, नुसत्या याद्या वाचावयाच्या असतील तर एनकर्सेसची विस्तृत वर्णसंचाची आवृत्ती पुरेशी आहे. ती बहुतेक लिनक्स यंत्रांवर आधीच असते. पडद्यावरच संपादन करावयाचे असेल तर गुच्छ ओळखणारी लायब्ररी घ्यावी. मात्र तेथेही खोडण्याच्या कळीचे वर्तन स्वतः तपासावे. कर्सर संपूर्ण अक्षरावरून उडी मारतो हे योग्यच. पण एका दाबासरशी सगळी ‘स्त्री’ नाहीशी होणे मराठी लिहिणाराला रुचत नाही. त्याला बहुधा फक्त वेलांटी बदलावयाची असते.