रुग्णाच्या त्वचेतून घडलेली चेतापेशी

मेंदू, मज्जारज्जू आणि हृदय यांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्यांपुढे एक अडचण दीर्घकाळ उभी होती : ज्या पेशी बिघडतात त्या रुग्ण हयात असताना सहसा काढून घेता येत नाहीत, आणि मृत्यूनंतर ज्या हाती येतात त्यांत आजाराचा शेवट दिसतो, आरंभ दिसत नाही. उंदरांवरील प्रयोगांनी ही उणीव काही अंशीच भरून निघाली. ज्या प्राण्याचे हृदय मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देते, त्याच्यावरून माणसाच्या हृदयतालातील दोषांविषयी किती सांगता येणार, हा प्रश्न उरतोच.

शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींना बहुक्षम मूलपेशी म्हणतात. गर्भाच्या आरंभीच्या अवस्थेतून त्या उंदराच्या बाबतीत १९८१मध्ये वेगळ्या करता आल्या आणि मानवाच्या बाबतीत १९९८मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत. मात्र त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागत असल्याने नैतिक वाद पेटला, शिवाय एखाद्या विशिष्ट रुग्णाचा आजार त्या पेशींत उतरवण्याची सोय नव्हतीच. क्योटो विद्यापीठातील शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६मध्ये हा पेच वेगळ्याच बाजूने सोडवला. मूलपेशींत सक्रिय असणारी २४ जनुके त्यांनी निवडली, ती उंदराच्या संयोजी ऊतकातील पेशींत एकत्र घातली आणि मग एकेक वगळून पाहत अखेर परिपक्व पेशीला पुन्हा बहुक्षम अवस्थेत नेण्यास चारच जनुके पुरेशी ठरतात असे दाखवले. हीच किमया पुढच्या वर्षी मानवी पेशींत साधली गेली. परिपक्व पेशीच्या केंद्रकात संपूर्ण प्राणी घडवण्याची माहिती शाबूत असते, हे जॉन गर्डन यांनी बेडकावरील प्रयोगांतून १९६२मध्येच दाखवले होते; २०१२चे नोबेल पारितोषिक गर्डन व यामानाका यांना विभागून मिळाले.

अशा रीतीने घडवलेल्या, म्हणजे प्रेरित बहुक्षम, मूलपेशींचा बोलबाला झाला तो नवे अवयव घडवण्याच्या आशेने, परंतु त्यांचे अधिक भरीव कार्य रोगसंशोधनातच झाले, असे म्हणता येईल. एएलएस या आजाराचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. त्यात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या प्रेरक चेतापेशी मरत जातात आणि रुग्ण क्रमाने हालचाल, गिळणे व श्वसन गमावतो. हार्वर्डमधील केव्हिन एगन यांच्या गटाने २००८मध्ये या आजाराच्या आनुवंशिक प्रकाराने ग्रस्त अशा ८२ वर्षांच्या स्त्रीच्या त्वचेपासून मूलपेशी आणि त्यांपासून प्रेरक चेतापेशी तयार केल्या. पुढे २०१४मध्ये असे आढळले की रुग्णांपासून घडवलेल्या या चेतापेशी गरजेपेक्षा अधिक विद्युत्‌संदेश सोडतात, आणि या आजाराशी निगडित एसओडी१ जनुकातील दोष दुरुस्त केल्यास, बाकी जनुकसंच तोच असूनही, ही उत्तेजना घटते. म्हणजे दोष त्या जनुकातूनच उद्भवतो, याला ही दुरुस्त केलेली जुळी पेशीच साक्ष ठरते. पोटॅशियमच्या मार्गिका उघडणारे रेटिगाबिन हे अपस्माराचे जुने औषध ही उत्तेजना शमवते, असेही दिसले. त्यानंतर ६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले, रुग्णांच्या चेतापेशींची उत्तेजना खरोखरच कमी झाली. आजाराची गती मंदावते का, हे ठरवण्यासाठी मात्र ती चाचणी आखलेलीच नव्हती, आणि उत्साहाच्या भरात हा भेद अनेकदा पुसला जातो.

या पद्धतीची मोठी मर्यादा तिच्या यशातच दडलेली आहे, कारण पेशी मूलावस्थेत परतताना वार्धक्याच्या बहुतेक खुणाही गमावते आणि ८२ वर्षांच्या व्यक्तीपासून मिळालेली चेतापेशी गर्भातील चेतापेशीसारखी वागू लागते. पार्किन्सनसारखे उतारवयातील आजार अशा कोवळ्या पेशींत पूर्णपणे उमटत नाहीत. म्हणून लोरेन्झ स्टुडर यांच्या गटाने २०१३मध्ये प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या विकाराशी निगडित प्रोजेरिन हे प्रथिन पेशींत मुद्दाम निर्माण करून त्या ‘वृद्ध’ केल्या.

भारतात बंगळुरूच्या निम्हान्स, इनस्टेम आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र या संस्थांनी मिळून स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार यांसारख्या मनोविकारांसाठी हीच वाट धरली आहे; ज्या कुटुंबांत एकाहून अधिक व्यक्ती आजारी आहेत अशांची निवड करून रुग्णांच्या पेशींची तुलना त्याच घरातील निरोगी नातेवाइकांच्या पेशींशी केली जाते, जेणेकरून समान जनुकीय पार्श्वभूमीतून आजाराशी निगडित फरक वेगळा काढणे सोपे जावे.