मागितलं कॉम्प्युटर, लागलं सिव्हिल

जुलै-ऑगस्ट आला की जळगाव जिल्ह्यातल्या पहूरच्या बसस्टँडवर बारावी झालेल्या पोरापोरींना एकच प्रश्न विचारला जातो, "काय लागलं?" कॉलेजचं नाव नंतर, आधी ब्रँच. "कॉम्प्युटर" म्हटलं की विचारणारा खूश. "सिव्हिल" किंवा "मेकॅनिकल" म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "अरे, पण तू तर कॉम्प्युटर टाकलं होतं ना?" मुलगा गप्प बसतो. घरात आई नशिबाला बोल लावते, वडील म्हणतात सिस्टिमने घोळ केला, आणि शेजारचे काका मॅनेजमेंट कोट्यातल्या ओळखीच्या माणसाचा नंबर देतात.

सिस्टिमचा घोळ क्वचितच असतो. राज्याच्या सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे आपला कॅप राउंड, कुणाला न मागितलेली ब्रँच देतच नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये जे लिहिलं नाही ते मिळत नाही. सिव्हिल लागली, याचा अर्थ सिव्हिल कुठेतरी, पंधराव्या का चाळिसाव्या क्रमांकावर, आपल्याच यादीत होती. ती कुणी टाकली, का टाकली आणि किती वर टाकली, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते खरं दुखणं हे आहे.

इंग्लंडमध्ये शिकायला अर्ज करणाऱ्या मराठी मुलांना कधीकधी विद्यापीठाचं पत्र येतं, की तुम्ही मागितलेल्या अभ्यासक्रमाला जागा देता येत नाही, पण आमच्याकडच्या या दुसऱ्या अभ्यासक्रमाला या. तिथे यूकास या यंत्रणेतून मोजक्या पाच अभ्यासक्रमांसाठी अर्ज करता येतो आणि पर्यायी अभ्यासक्रम विद्यापीठच सुचवतं. पत्र आलेल्या मुलाला ते नाकारता येतं. आपल्याकडे असं सुचवणारं कुणी नाही. मुलाने दिलेली यादी आणि त्याचा मेरिट नंबर, एवढ्यावरच सगळं ठरतं.

ते ठरतं कसं? मेरिट लिस्टमध्ये वरच्या मुलापासून सुरुवात होते. त्याच्या पहिल्या पर्यायात जागा आहे का ते पाहिलं जातं. नसेल तर दुसऱ्यात, तिथेही नसेल तर तिसऱ्यात. जिथे जागा सापडली ती त्याची. मग पुढचा मुलगा. प्रवर्ग, मुलींचं आरक्षण आणि होम युनिव्हर्सिटी हे सगळं यात गुंतलेलं असतं, पण गाभा हाच. म्हणून मोठ्या कॉलेजचं कॉम्प्युटर सगळ्यात वर टाकल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क जराही कमी होत नाही. वरचं नाही मिळालं तर खालचं पाहिलं जाईल, त्याच मेरिट नंबरावर. पहिल्या नंबरावर मोठं कॉलेज टाकलं तर फेरी वाया जाते, हा समज गावोगाव पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

मात्र २०२५-२६ च्या प्रवेशांपासून एक नवी अट आली आणि यादीचा क्रम पहिल्यापेक्षा जोखमीचा झाला. आता फेऱ्या चार आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही लागला तर तो बंधनकारक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथ्या फेरीत जे लागेल ते. बंधनकारक जागा नाकारली की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद.

समजा, पहूरच्या एका मुलीला कॉम्प्युटरच हवं आहे. तिने पुण्याची दोन कॉलेजं वर टाकली आणि "सेफ असू दे" म्हणून तिसऱ्या क्रमांकावर जळगावच्या कॉलेजची सिव्हिल टाकली. दुसऱ्या फेरीत तीच लागली. आता तिला थांबता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत जळगावातच दुसऱ्या कॉलेजला कॉम्प्युटर मिळालं असतं, तरी ती वाट बंद. तीच सिव्हिल सातव्या क्रमांकावर असती तर तिला एक हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरून जागा हातात ठेवता आली असती आणि बेटरमेंट निवडून पुढच्या फेरीत उतरता आलं असतं. तिथे वरचा पर्याय लागला की जुनी जागा आपोआप सुटते, नाही लागला तर जुनी कायम राहते. एका ओळीच्या जागेने एवढा फरक पडतो.

आता पहूरमध्ये हा फॉर्म भरतो कोण? पहूर पेठ असो की कसबे, बहुतेक घरांत इंजिनिअरिंगला जाणारं हे पहिलंच पोर असतं. फॉर्म सायबर कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात भरला जातो. तिथला मुलगा कष्टाळू असतो, पण त्याच्यासमोर रांग असते. गेल्या वर्षीच्या कुणाची तरी यादी समोर असते, त्यातले चॉइस कोड उतरवले जातात. तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात, म्हणून "जेवढे जास्त तेवढे चांगले" या हिशोबाने रकाने भरले जातात. ज्या पोराला चार वर्षं ते शिकायचं असतं, ते त्या वेळी मागे उभं राहून ओटीपी सांगत असतं.

कट-ऑफ वाचतानाही अशीच फसगत होते. यादीत जीओपनएच, जीओपनओ, जीओपनएस असे रकाने असतात. शेवटचं अक्षर महत्त्वाचं. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. सुरुवातीला एल असेल तर तो मुलींचा रकाना. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांची होम युनिव्हर्सिटी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. इथल्या कॉलेजांत त्यांना ७० टक्क्यांच्या वाट्यात स्पर्धा करायची असते, पुण्याच्या कॉलेजांत मात्र बाहेरच्यांसाठी असलेल्या ३० टक्क्यांत. पुण्याच्या कॉलेजचा एचचा आकडा पाहून "आपलं होऊन जाईल" म्हणणारे पालक मी दरवर्षी पाहतो. त्यांनी ओचा रकाना पाहायला हवा. जातवैधता प्रमाणपत्राचंही तसंच. ते मुदतीत जमा झालं नाही तर मुलगा खुल्या प्रवर्गात जातो आणि यादीचा सगळा हिशोबच बदलतो.

एवढं करूनही वेगळी ब्रँच लागतेच. मग काय करायचं?

आधी समोर आलेल्या ब्रँचकडे नीट पाहावं. सिव्हिल लागली म्हणून रडणाऱ्या पोराला मी विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगतो. पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण पूर्ण करून १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि नोकरीच्या सुरुवातीच्या काळातलं त्यांचं काम आपल्या खानदेशातलं होतं. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर पाइपचा सायफन बांधण्याचं. पुण्याचं ते कॉलेज, आजचं सीओईपी, १८५४ मध्ये सुरू झालं तेच मुळी इमारती, कालवे, धरणं, पूल बांधणारी माणसं तयार करायला. आजही राज्याच्या अभियांत्रिकी सेवेची एमपीएससी परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी असते. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमध्ये त्यात इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची भर पडते, कॉम्प्युटरचा पेपर तिथे नाही. जिल्हा परिषद, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम ही खाती ज्या घरांना सरकारी नोकरीची ओढ आहे त्यांच्या रोजच्या बोलण्यातली. तरी त्या घरांतही सिव्हिल लागली की सुतक पाळल्यासारखी शांतता असते, याचं मला वाईट वाटतं.

जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्वतःची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. केमिकलसोबत फूड, प्लास्टिक, पेंट, तेल असे विषय तिथे शिकवले जातात. केळी पिकवणाऱ्या, सरकीचं तेल काढणाऱ्या, ठिबकचे पाइप देशभर पाठवणाऱ्या जिल्ह्यात या विषयांना काम नाही, असं कोण म्हणेल? पण ऑप्शन फॉर्म भरताना त्यांचं नाव निघत नाही, कारण शेजारच्या पोराने ते टाकलेलं नसतं.

मुलाचा जीव खरोखर संगणकातच असेल तर वेगळ्या ब्रँचने ती वाट बंद होत नाही. पदवीसोबत अठरा-वीस जादा क्रेडिट पूर्ण करून दुसऱ्या शाखेची मायनर पदवी घेण्याची सोय एआयसीटीईच्या चौकटीत आहे. कॉलेज ती प्रत्यक्ष देतं का, हे मात्र प्रवेशाआधी विचारावं. गेट परीक्षेत कोणत्याही शाखेचा इंजिनिअर कॉम्प्युटर सायन्सचा पेपर देऊ शकतो, आणि २०२४ पासून डेटा सायन्स व एआयचा वेगळा पेपरही आला आहे. पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलता येते, पण जागा रिकामी असली आणि मार्क वर असले तरच. कॉम्प्युटरच्या जागा क्वचितच रिकाम्या असतात, त्यामुळे त्या एका आशेवर प्रवेश घेऊ नये.

उलट बाजूही खरी आहे. एआयसीटीईने २०२४ पासून जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि अनेक कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. कॉम्प्युटर आज कुठे ना कुठे मिळतं, चांगलं शिकवणारं कॉम्प्युटर मिळणं अवघड आहे. लॅब आणि प्राध्यापक धड नसलेल्या कॉलेजच्या कॉम्प्युटरपेक्षा सरकारी कॉलेजची मेकॅनिकल मी डोळे मिटून घेईन.

आणि शेजारच्या काकांच्या त्या नंबराबद्दल. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर कॉम्प्युटर घेतलं तर फीचा सगळा भार घरावर पडतो. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला असेल तरच. मुलांच्या शिष्यवृत्तीलाही तीच अट. कपाशीच्या पैशावर चालणाऱ्या घरात मुलीने कॅपमधली सिव्हिल सोडून कोट्यातलं कॉम्प्युटर घेणं म्हणजे माफ झालेली फी चार वर्षं स्वतः भरणं. ती भरायची का, हे घराने ठरवावं, पण आकडा कागदावर मांडून.

दर फेरीला ऑप्शन फॉर्म नव्याने भरता येतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं. पहिल्या फेरीनंतर जुनी यादी तशीच पुढे ढकलू नये. जे लागलं तर आपण घेणार नाही, ते काढून टाकावं. जे नक्की हवं तेच वरच्या सहात ठेवावं. आणि यादीत टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जादा जागेचा कोड असेल तर तो पुन्हा एकदा तपासावा. ती जागा मिळाली की शिक्षण शुल्क वाचतं, पण नंतर ना ब्रँच बदलता येते ना कॉलेज.