घरच्या घरीं कळफलकाची स्वच्छता

घर खरोखर स्वच्छ आहे कीं नाहीं हें ताडावयाचें असेल तर पाहुण्यांच्या दृष्टीस पडणारी बैठक पाहूं नये. ज्या वस्तूस सर्वांचे हात लागतात पण जी पुसणें कोणाच्याच वांट्यास आलेलें नसतें, ती वस्तु पाहावी. पूर्वीं दाराची कडी, झोपाळ्याची साखळी किंवा पिंपांतून पाणी काढावयाचें ओगराळें अशा वस्तूंत मोडत असे. हल्लीं त्यांत संगणकाच्या कळफलकाची भर पडली आहे. सकाळीं वडील मंडळी त्यावर बँकेचा हिशेब पाहतात, दुपारीं सूनबाई कचेरीचें काम घरून करितात, संध्याकाळीं मुलें अभ्यासास बसतात आणि रात्रीं आजोबा आपल्या आठवणी लिहितात. बोटें दहा जणांचीं, कळफलक मात्र एक. आणि त्याचा मळ काढणारा बहुधा कोणीच नाहीं.

आमच्या गडबसारख्या गांवीं या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. पेण तालुक्यांतील हें गांव मुंबई-गोवा महामार्गालगत असल्यामुळें कोरड्या दिवसांत धुळीस तोटा नाहीं. धरमतरच्या खाडीकडून येणारा वारा खारा, आणि पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब. आषाढांत स्वयंपाकघरांतील मिठास पाणी सुटतें हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. हवेंतील ओलावा ओढून घेणें हा मिठाचा स्वभावच आहे. हाच खार वाऱ्याबरोबर व बोटांच्या घामाबरोबर कळांच्या फटींत शिरतो. तेथें त्यास धूळ, त्वचेचें तेल, पेणच्या पोह्यांच्या चिवड्याचा चुरा आणि पापडाचे कण येऊन मिळतात, व त्याचा एक चिकट थर तयार होतो. मग मुंग्यांना आमंत्रण देण्याची गरज राहत नाहीं.

या थरानें यंत्राचें काय बिघडतें हें समजण्यासाठीं त्याच्या पोटांत डोकावलें पाहिजे. साध्या कळफलकांत प्लास्टिकचे तीन पातळ पडदे एकावर एक ठेविलेले असतात. वरच्या व खालच्या पडद्यावर विद्युद्वाहक रेषा छापलेल्या असतात आणि मधल्या पडद्यास प्रत्येक कळेखालीं एक भोंक असतें. कळ दाबली कीं तिच्याखालची रबरी टोपी दबते, वरची रेषा त्या भोकांतून खालच्या रेषेस टेकते, आणि संगणकास अक्षर कळतें. बोट उचललें कीं रबर कळेस पुन्हां वर ढकलतें. मळानें कळ अडकते. खाऱ्या ओलीनें त्या नाजुक रेषाच खाल्ल्या जातात. अडकलेली कळ साफ करून मोकळी होते, पण खाल्ली गेलेली रेषा घरीं परत आणितां येत नाहीं. म्हणून आमच्याकडे मळापेक्षांहि ओल हा मोठा शत्रु समजावा.

लिहिण्याच्या यंत्रास मळ नवा नाहीं. १८७४ सालीं अमेरिकेंत रेमिंग्टन कंपनीनें शोल्स यांचें टंकलेखन यंत्र विक्रीस आणिलें आणि आपल्याकडे गोदरेजनें १९५५ सालीं देशी यंत्र काढलें. त्या यंत्रांच्या अक्षरांचीं पोटें शाईनें व फितीच्या तंतूंनीं भरून जात, आणि टंकलेखक ताठ केसांच्या ब्रशानें तीं साफ करीत. तेथें दोष लगेच कागदावर दिसे. कळफलकाचा मळ मात्र आंतल्या आंत साचतो आणि एके दिवशीं अक्षरच उमटत नाहीं. मराठींत लिहिणाऱ्यांस ही अडचण विशेष भोंवते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेंत डाव्या हाताकडे स्वर व उजव्या हाताकडे व्यंजनें आहेत. त्यांत 'डी' या इंग्रजी कळेवर पाय मोडण्याची खूण आणि शिफ्टसहित 'अ' हें अक्षर येतें. ही एक कळ अडली तर 'स्वच्छ' हा शब्दसुद्धां लिहितां येणार नाहीं!

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम संगणक बंद करून कळफलकाची तार काढावी. बिनतारी असेल तर त्याचे सेल काढावे. मग तो जुन्या वर्तमानपत्रावर उलटा धरून पाठीवर हलकेच थोपटावें. बराचसा चुरा एवढ्यानेंच खालीं येतो. नंतर मऊ, कोऱ्या व कोरड्या ब्रशानें फटी एकाच दिशेनें झाडाव्या. तोंडानें फुंकर मारूं नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा आंत जातो. छायाचित्रकार वापरतात तशी रबरी फुंकणी त्यापेक्षां बरी.

तेलकट थरासाठीं औषधांच्या दुकानांत मिळणारें ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल उपयोगी पडतें. तें लवकर उडून जातें व मागें ओल ठेवीत नाहीं. तें कळफलकावर कधींहि ओतूं नये. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यावर थोडें घेऊन त्यानें कळा पुसाव्या, आणि फटींसाठीं काडीस कापूस गुंडाळून घ्यावा. हा द्रव चटकन् पेट घेतो, म्हणून देवघरांतील समई, स्वयंपाकघरांतील शेगडी व जळती उदबत्ती यांपासून दूर, खिडकी उघडून बसावें. तो न मिळाल्यास भांडीं घासण्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यांत फडकें बुडवून घट्ट पिळावें, त्यानें पुसावें, आणि लगेच कोरडें फडकें फिरवावें. फिनेल, रॉकेल किंवा नखांचा रंग काढण्याचें द्रव्य यांस हात लावूं नये. त्यांनीं प्लास्टिक व त्यावरील अक्षरें खराब होतात. हातांस लावावयाचा जंतुनाशक लेपहि येथें नको, कारण त्यांतील स्निग्ध द्रव्य मागें चिकटून राहतें.

मेजावरील जुन्या पद्धतीच्या कळफलकाच्या कळा काढून धुतां येतात. आधीं मोबाइलवर त्याचें छायाचित्र घ्यावें, म्हणजे कोणती कळ कोठें बसवावयाची याचा घोळ होत नाहीं. कळ प्लास्टिकच्या पातळ पट्टीनें सरळ वर उचलावी. मोकळी जागा सोडणाऱ्या लांब कळेखालीं बहुधा तार असते, म्हणून ती काढूंच नये. धुतलेल्या कळा पंख्याखालीं पूर्ण एक दिवस आणि पावसाळ्यांत दोन दिवस वाळवाव्या; कडक उन्हांत किंवा चुलीजवळ ठेवूं नयेत. लॅपटॉपच्या कळा मात्र उपटूं नयेत. त्यांच्याखालीं कात्रीसारखी नाजुक जोडणी असते, आणि कळफलकाच्या खालींच यंत्राचा सारा जीव असतो.

चहा सांडला तर क्षणाचाहि विलंब न लावतां वीज तोडावी, यंत्र पालथें करावें आणि तें चालतें कीं नाहीं हें पाहण्याचा मोह आवरावा. लॅपटॉप असेल तर तो तसाच दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा. ओलें यंत्र तांदुळांत पुरून ठेवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो, परंतु मोकळ्या हवेपेक्षां तांदूळ अधिक कांहीं करीत नाहींत, उलट त्यांचा भुगा फटींत जातो. तांदूळ भातासाठींच ठेवावे. कळफलक अगदीं निकामी झाला तरी तो कचऱ्यांत टाकूं किंवा जाळूं नये. १ एप्रिल २०२३ पासून लागूं झालेल्या ई-कचरा नियमांनीं अशा वस्तूंची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे. तेव्हां तो अधिकृत संकलकाकडेच द्यावा.

हें सारें करूनहि मूळ उपाय निराळाच आहे. व्हिएन्ना येथें डॉ. सेमेलवाइस यांनीं १८४७ सालीं डॉक्टरांस हात धुवावयास लाविलें आणि बाळंतिणींचे मृत्यु एकदम कमी झाले. आपल्या घरांत हात धुतल्याशिवाय पानावर कोणी बसत नाहीं. तोच नियम पानावरून उठल्यावर संगणकाकडे जातांना पाळावा. चिवड्याची बशी मेजावर येऊं देऊं नये. काम संपल्यावर कळफलकावर कापड झांकावें, आठवड्यास ब्रश व महिन्यास फडकें फिरवावें. आणि हें काम घरांतील एकाच बाईच्या माथीं मारूं नये. ज्याचीं बोटें त्यावर फिरतात त्याचा त्या मळांत वांटा आहे. म्हणून पाळी लावून प्रत्येकानें, आजोबांपासून नातवापर्यंत, तो पुसावा. मुलास इतकें जरी वळण लागलें तरी पुढें घरांतील पुष्कळ वस्तु आपोआप स्वच्छ राहतील.