मडगार्ड गेलं कुठे?

मॅचबॉक्स या छोट्या खेळण्यांच्या मालिकेत ४ क्रमांकाचा एक लाल ट्रॅक्टर आहे, मॅसी-हॅरिसचा. लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर. १९५४ साली तो बाजारात आला तेव्हा त्याच्या मागच्या चाकांवर बाकदार मडगार्डं होती. १९५७ साली त्याच क्रमांकाचा लाल ट्रॅक्टर पुन्हा आला, आणि मडगार्डं गायब! ज्या मुलांच्या हातात तो पडला, त्यांतल्या बहुतेकांना हा बदल कळलाही नसेल. पण जगात अशी माणसं आहेत की हे दोन्ही ट्रॅक्टर शेजारी शेजारी मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मला त्यांचं हे वेड फार मोलाचं वाटतं. कारखान्यात कुणीतरी घेतलेला, कुठल्याही पुस्तकात न नोंदलेला एक निर्णय त्या दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या जागेत जपला गेला आहे.

तो निर्णय का झाला असेल? माझा तर्क असा: चाकावर पुढे आलेला पातळ पत्र्यासारखा भाग ओतायला कटकटीचा. धातू तिथवर पोचायला हवा, आणि नग साच्यातून निघताना तो भाग अडकायलाही नको. मडगार्ड काढून टाकलं की काम सोपं होतं.

गंमत अशी की साच्यात धातू ओतण्याची ही सगळी पद्धत शोधली गेली ती प्रत्येक नग हुबेहूब निघावा म्हणून. जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि अगदी चिमूटभर मॅग्नेशियम मिसळलं की तो मिश्रधातू ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. तो मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. क्षणात थिजतो. साचा दुभंगतो, आतल्या खिळ्या नगाला बाहेर ढकलतात आणि जाताना पोटावर बारीक गोल खुणा ठेवतात. खेळणं उलटं करून पाहा, दिसतील. एका साच्यातून असे लाखो नग निघू शकतात. पण साचा झिजतो, दुरुस्त होतो, त्यात एखादी रेघ वाढते. चाकं वेगळ्या साच्यातून येतात, रंग वेगळ्या डब्यातून. या प्रत्येक ठिकाणी फरकाला शिरायला वाट मिळते.

चाकांचंच बघा. लंडनच्या लेझ्नी कंपनीने मॅचबॉक्सची मालिका १९५३ साली सुरू केली. कंपनीतले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येत असे. त्यावरून हे सारं सुचलं अशी हकीकत सांगतात. सुरुवातीला चाकं धातूची होती, मग राखाडी प्लास्टिकची, मग काळ्या प्लास्टिकची. ७२ क्रमांकाचा निळा फोर्डसन ट्रॅक्टर १९५९ साली आला. खऱ्या फोर्डसनची चाकं नारिंगी, म्हणून याचीही नारिंगी. त्यावर टायर कधी राखाडी, कधी काळे. आणि क्वचित एखाद्याची चाकं चक्क पिवळी! तो पिवळा नग दिसला की संग्राहकाचे डोळे विस्फारतात, आणि विस्फारावेतच. मॅचबॉक्सच्याच १९६७ सालच्या ३९ क्रमांकाच्या फोर्ड ट्रॅक्टरमध्ये निळा-पिवळा नेहमीचा, तर अखंड नारिंगी दुर्मीळ.

कधी बदल खेळण्याच्या कारखान्याबाहेरून येतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९४८ साली आपल्या डिंकी या खेळण्यांच्या मालिकेत मॅसी-हॅरिस ट्रॅक्टर आणला. तिकडे खऱ्या जगात मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या कंपन्या १९५३ साली एक झाल्या, आणि पुढे नाव ठरलं मॅसी फर्ग्युसन. आपल्या शिवारांतून फिरणारे, चेन्नईच्या टॅफे कंपनीने बनवलेले लाल ट्रॅक्टर याच नावाचे. खेळण्याने मात्र घाई केली नाही. खऱ्या कंपनीचं बारसं होऊन गेल्यावर काही वर्षांनी, १९६० च्या दशकात, डिंकीने नाव बदललं. दरम्यान रंगवलेल्या धातूच्या चालकाच्या जागी प्लास्टिकचा चालकही येऊन बसला होता. म्हणजे एकाच ट्रॅक्टरचे नग क्रमाने लावले तर एका उद्योगाचं विलीनीकरण आणि प्लास्टिकचं आगमन, दोन्ही एका फळीवर दिसतात.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डब्यूक गावी फ्रेड अर्टल यांनी १९४५ साली घरच्या भट्टीत युद्धातल्या विमानांची टाकाऊ पिस्टनं वितळवली आणि वाळूच्या साच्यात ॲल्युमिनियमचे ट्रॅक्टर ओतले. ही खेळणी खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाची, मॅचबॉक्सपुढे राक्षसच. त्यांच्या जॉन डिअर ‘ए’ ट्रॅक्टरमध्ये एक भेद फार सुंदर आहे: काहींचं फ्लायव्हील उघडं, काहींचं झाकलेलं. खरा ट्रॅक्टर आधी ते चाक हाताने फिरवून सुरू करावा लागे. विजेवर सुरू होऊ लागला, तेव्हा फ्लायव्हील झाकलं गेलं. शेतकऱ्याच्या हाताचे ते कष्ट संपल्याची नोंद खेळण्यात आली! त्याच राज्यातल्या डायर्सव्हिल गावात आज शेतीच्या खेळण्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

काही भेद मात्र कायमचे हातचे निसटत आहेत. जस्ताच्या या मिश्रधातूत लाखात पाच भागांहून जास्त शिसं शिरलं की वर्षानुवर्षांनी आतून तडे जाऊ लागतात, नग फुगतो आणि भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची कितीतरी खेळणी अशी कपाटातच संपली. उपाय नाही, कोरड्या, थंड जागी ठेवून वेळ लांबवायची इतकंच.

डिंकीचे काही निवृत्त साचे भारतातही आले. कलकत्त्यात त्यांतून ‘निकी टॉइज’ नावाने गाड्या निघाल्या, तळावरचं डिंकीचं नाव घालवून. त्या आज परदेशी संग्राहकही शोधतात.

दुर्मिळाला भाव आला की बनावटही आलीच. साध्या फोर्डसनला पिवळी चाकं बसवणं अवघड नाही. म्हणून जाणकार आधी आसाची टोकं बघतो. मॅचबॉक्सच्या सुरुवातीच्या गाड्यांत ती चेपलेली असत, नंतरच्यांत गोल डोक्याची. ज्या काळचा ट्रॅक्टर त्या काळचं टोक हवं, आणि त्यावर पक्कडीचा ताजा ओरखडा नको. मग रंगाचे थर, मग पोटावरच्या खिळ्यांच्या खुणा. चाकाच्या रंगाकडे तो सगळ्यात शेवटी वळतो.