गाडीतलं घर, यवतमाळच्या उन्हात

यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. टिपेश्वर अभयारण्याच्या वाटेवर पांढरकवड्याला मुक्काम करायचा, तर गाडीचं छप्पर आधी हाताळा, पलंग-कपाटं नंतर. पत्र्याला आतून नायट्राइल फोम चिकटवा, कडाकोपरे सोडू नका. वर सौर पॅनेल बसवताना खाली बोटभर फट ठेवा. हवा खेळती राहते, पत्र्यावर सावलीही पडते.

विजेचा हिशेब साधा आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॅट-तास मावतात, पण लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मेच वापरावेत. २५ वॅटचा पंखा ८ तास चालला की २०० गेले. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी खेटून हवा. ही एक गोष्ट कृपा करून टाळू नका, तार घासली तर आग तिथूनच लागते.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवा.

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं, तरी मोटार वाहन कायदा, १९८८ चं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ लागू आहेच. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करा, विमा कंपनीलाही कळवा.