दुखत नाही म्हणून दवाखाना टाळू नका



भोकरदनकडच्या भिल्ल वस्त्यांवर पोट दुखले की माणूस दवाखाना गाठतो. पण अंगावरच्या एखाद्या चट्ट्यासाठी कोणी मजुरी बुडवत नाही. तो फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, दुखत नाही. धोका नेमका त्यातच आहे.

चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली समजत नसेल, तर ही कुष्ठरोगाची लक्षणे असू शकतात. प्रत्येक चट्टा कुष्ठाचा नसतो, पण ती पारख डॉक्टरांनीच करायची.

जंतू शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी 5 वर्षे जातात. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. प्रकारानुसार 6 किंवा 12 महिन्यांत रोग बरा होतो. उपचार सुरू होताच संसर्गाचा धोकाही लवकरच संपतो, म्हणून ताट वेगळे करण्याची गरज नाही. उशीर झाला तरी रोग बरा होतो. मात्र बधिर झालेला हात आणि वाकडी झालेली बोटे बहुधा तशीच राहतात.

बरेच जण लोकलाजेने चट्टा लपवतात. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावला होता. आपण निदान एवढे म्हणू या, “चला, डॉक्टरांना दाखवू, मी सोबत येतो.”